भाजलेल्या लाल भोपळ्याचे मलईदार सूप : घरच्या घरी, ओव्हन नसला तरीही

प्रतिनिधी

पिंपरी : मराठी भाषेने भोपळ्याच्या वाट्याला फारसा मान येऊ दिलेला नाही. परीक्षेत शून्य गुण मिळाले की भोपळा मिळाला, खोटी समजूत उघडी पडली की भ्रमाचा भोपळा फुटला आणि दोघांचे मुळीच पटत नसले की त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. मंडईतही त्याची गत फारशी वेगळी नाही. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर पुढे मांडलेले असतात आणि लाल भोपळ्याच्या चिरलेल्या फाका एका कडेला पडून असतात. घरी आणल्यावर त्याची भाजी होते, ती वडीलधारी मंडळी खातात आणि मुले ताटाच्या कडेला सारून ठेवतात.

हाच भोपळा उपाहारगृहात 'रोस्टेड पम्पकिन सूप' या नावाने वाडग्यात येतो तेव्हा मात्र आवडीने खाल्ला जातो. त्या ओढीने अनेकजण परदेशी पाककृती शोधून ते सूप घरी करून पाहतात आणि बहुधा निराश होतात. सूप पाणचट होते, त्याला कच्चट वास राहतो, चव नुसतीच गोडसर लागते. मग दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर आणि चवीसाठी विकतचे क्रीम ओतले जाते. एवढे करूनही हाती येते ती पिवळसर रंगाची खळ. अशा वेळी दोष करणाऱ्याच्या हाताला दिला जातो. वास्तविक दोष पाण्याच्या हिशेबात असतो. आपल्याकडच्या भोपळ्याचे सूप मलईदार करायचे तर क्रीमची बाटली आणण्याआधी भोपळा नीट भाजला पाहिजे. भाजण्यासाठी ओव्हन असलाच पाहिजे असेही नाही. लोखंडी तवा किंवा कढई पुरेशी आहे.

पाण्याचा हिशेब

इंग्रजी पाककृतींमध्ये या सूपासाठी बहुधा 'बटरनट' नावाचा, पेरूच्या रंगाच्या सालीचा लांबट भोपळा घेतलेला असतो. त्याच्या गरात शेकडा ८६ भाग पाणी असते. आपल्या मंडईतील लाल भोपळ्यात ते प्रमाण शेकडा ९२ च्या आसपास असते. सहा टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सूपाला दाटपणा देणारा घन भाग मोजला की त्याचे मोल कळते. एक किलो बटरनटमध्ये घन भाग सुमारे १४० ग्रॅम असतो, तर एक किलो लाल भोपळ्यात जेमतेम ८० ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून थोडाच अधिक. परदेशी पाककृतीतले पाण्याचे माप जसेच्या तसे घेतले तर सूप पातळ होणारच.

यावरचा उपाय म्हणजे भोपळ्यातील पाणी आधी उडवून टाकणे. एक किलो सोललेल्या फोडी भाजून त्यांचे वजन साडेसहाशे ग्रॅमवर आणले की त्यांतील पाण्याचे प्रमाण शेकडा ८८ च्या जवळ येते. आपला भोपळा मग बटरनटच्या पंगतीला बसतो. घरी वजनकाटा असल्यास भाजण्याआधी आणि नंतर फोडी तोलून पाहाव्यात. काटा नसल्यास आकारावरून अंदाज घ्यावा. फोडी एक तृतीयांशाने आक्रसल्या, कडा तपकिरी झाल्या आणि सुरीचे टोक लोण्यात जावे तसे आत जाऊ लागले की भोपळा तयार झाला असे समजावे.

भाजण्याचा दुसरा लाभ चवीचा. पाण्यात शिजवलेला पदार्थ पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा अधिक तापत नाही. पुणे-पिंपरीच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, पण तेथे सर्वत्र वाफ असल्याने पृष्ठभाग कोरडा होत नाही. फोडीचा पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या वर गेला की तेथील शर्करा आणि प्रथिने यांच्यात रासायनिक क्रिया घडते आणि खरपूस वास व तपकिरी रंग येतो. शेंगदाणे, रवा किंवा थालीपीठ खमंग भाजताना घडते तेच येथे घडते. कुकरच्या तीन शिट्ट्यांत भोपळा मऊ होतो, खमंग होत नाही, तो यामुळेच.

एक भोपळा, अनेक नावे

बटरनट हा आपल्या लाल भोपळ्याचा सख्खा नातलग आहे. मंडईत मिळणारा बहुतेक लाल भोपळा आणि बटरनट या दोहोंची वनस्पतिशास्त्रीय जात एकच, 'कुकुर्बिटा मोस्काटा'. या कुळातील भोपळ्यांचे मूळ घर अमेरिका खंड आहे. मेक्सिकोत त्यांच्या एका जातीची लागवड सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी होत असल्याचे पुरावे सापडले आहेत. मिरची, बटाटा आणि टोमॅटो यांच्याप्रमाणे हा भोपळाही युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांबरोबर आपल्याकडे आला आणि इतका रुळला की अनेक घरांत उपवासालाही चालू लागला.

कोणी त्याला तांबडा भोपळा म्हणते, कोणी डांगर, तर कोणी काशीफळ. विदर्भात कोहळे म्हटले की बहुधा हाच भोपळा समजला जातो. पश्चिम महाराष्ट्रात मात्र कोहळा म्हणजे पेठ्याचा, पांढऱ्या गराचा. दुधी भोपळा त्याहून वेगळा. बाजारात पाठवताना नावाचा हा घोळ टाळावा, कारण दुधी किंवा पेठ्याचा कोहळा या सूपाला चालणार नाही.

जगाच्या पाठीवर भोपळ्याच्या सूपाला मोठा मान आहे. ज्या जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने २००९ पासून चाकणला आहेत, त्यांच्या देशात शरद ऋतू लागला की घरोघरी भोपळ्याचे सूप होते. कॅरिबियन समुद्रातील हैती देशात तर या सूपाला स्वातंत्र्याचे प्रतीक मानतात. फ्रेंच मळेवाल्यांच्या राज्यात गुलामांनी हे सूप रांधायचे, पण चाखायचे नाही, अशी स्थिती होती. १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र झाला आणि तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी तेथे 'सूप जुमू' केले जाते. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

खरेदी करताना

उद्योगनगरीत भोपळ्याची टंचाई सहसा भासत नाही. पिंपरीची लालबहादूर शास्त्री मंडई, मोशीचा नागेश्वर महाराज उपबाजार आणि गल्लोगल्लीचे हातगाडीवाले यांच्याकडे तो जवळजवळ बारमाही मिळतो. सूपाला लागणारा कांदा-बटाटा तर घरचाच म्हणावा लागेल. खेड बाजार समितीची चाकणची बाजारपेठ कांदा आणि बटाटा यांसाठीच प्रसिद्ध आहे.

अखंड भोपळा घेताना तो आकाराच्या मानाने जड असावा. देठ वाळलेला आणि घट्ट चिकटलेला असावा. सालीवर नख दाबले असता खूण उमटू नये. असा पक्व भोपळा थंड, कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. लहान कुटुंबात अख्खा भोपळा संपत नाही, त्यामुळे बहुतेकजण फाक घेतात. फाकेचा गर गडद केशरी आणि घट्ट विणीचा असावा, बिया टपोऱ्या असाव्यात. बियांभोवतीचे धागे बुळबुळीत झाले असतील किंवा आंबूस वास येत असेल तर ती फाक घेऊ नये. गर फिकट पिवळा असेल तर भोपळा कोवळा आहे. तो भाजीला चालतो, सूपाला नाही. शक्य असल्यास विक्रेत्याकडून आपल्यासमोर ताजी फाक कापून घ्यावी. हातगाडीवर उघड्यावर राहिलेल्या फाकेचा वरचा पातळ थर घरी कापून टाकावा. घरी आणलेल्या फाकेतील बिया व धागे काढून, ती गुंडाळून शीतकपाटात ठेवल्यास चार-पाच दिवस राहते.

कडू लागल्यास टाकून द्यावा

भोपळा चिरल्यावर आणि भाजण्यापूर्वी त्याचा एक लहानसा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. ही सवय सर्वांनी लावून घेण्याजोगी आहे. दुधी, काकडी, दोडका, भोपळा या कुळातील फळांत क्वचित 'कुकर्बिटासिन' नावाची कडू द्रव्ये वाढतात आणि ती विषारी असतात. लाल भोपळ्यात असे अगदी विरळा घडते, दुधीत तुलनेने अधिक. जून २०१८ मध्ये कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर पुण्यात एका महिलेचा मृत्यू झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या विषयावर नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वी तुकडा चाखावा आणि कडू लागल्यास फळ फेकून द्यावे, असा स्पष्ट सल्ला त्यात आहे.

शिजवल्याने किंवा भाजल्याने हा विषारी अंश नाहीसा होत नाही. साखर, दूध किंवा मसाला घालून कडवटपणा झाकण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. कडू भोपळा किंवा दुधी खाण्यात येऊन उलट्या, जुलाब, पोटात तीव्र वेदना अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

साहित्य (चार जणांसाठी)

लाल भोपळा सव्वा ते दीड किलो (साल, बिया काढून एक किलो फोडी). मध्यम कांदे २. लसणाच्या पाकळ्या ६ ते ८, सालीसह. आल्याचा १ इंच तुकडा. तेल २ मोठे चमचे. लोणी किंवा तूप १ मोठा चमचा. पाणी किंवा भाज्यांचे पाणी ३ वाट्या (सुमारे ६०० मिलिलिटर). सायीसह दूध १ लहान वाटी, अथवा घोटलेली ताजी साय ३ मोठे चमचे. मीठ सव्वा ते दीड चहाचा चमचा. ताजी मिरपूड अर्धा चहाचा चमचा. किसलेले जायफळ एक चिमूट.

भोपळ्याची साल, कांद्याची टोके, कोथिंबिरीचे देठ हे टाकून न देता धुऊन चार वाट्या पाण्यात वीस मिनिटे मंद उकळावेत आणि गाळून घ्यावेत. हेच भाज्यांचे पाणी सूपात घातले की चव भरते आणि वेगळ्या 'स्टॉक'ची वडी विकत आणावी लागत नाही. बिया धुऊन, वाळवून, तव्यावर चिमूटभर मिठासह परताव्यात. त्या सूपावर पेरण्यास कामी येतात.

भाजण्याच्या तीन रीती

भोपळ्याच्या दीड इंचाच्या, शक्यतो सारख्या आकाराच्या फोडी कराव्यात. लहान-मोठ्या असल्यास लहान फोडी करपतात आणि मोठ्या कच्च्या राहतात. फोडी स्वच्छ फडक्याने पुसून तेलाचे बोट लावावे. मीठ या वेळी लावू नये. मिठाने पाणी सुटते आणि फोडी भाजण्याऐवजी वाफवल्या जातात.

तवा किंवा कढई : बहुतेक घरांसाठी ही रीत सोयीची. जाड बुडाचा लोखंडी किंवा बिडाचा तवा चांगला तापवावा. फोडी एकमेकींना न चिकटतील अशा एका थरात मांडाव्यात. एक किलो फोडींसाठी दोन किंवा तीन घाणे करावे लागतात. सगळ्या एकदम घालण्याचा मोह टाळावा. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे उलथने लावू नये. खालची बाजू तपकिरी झाली की फोडी उलटाव्यात, पुन्हा पाच मिनिटे ठेवाव्यात. मग आच मंद करून सात-आठ मिनिटे झाकण ठेवावे, म्हणजे आतला गर मऊ होईल. अखेरीस झाकण काढून आणखी चार-पाच मिनिटे वाफ जाऊ द्यावी. ही शेवटची पायरी गाळली तर झाकणाखाली साठलेले पाणी सूपात उतरते. शेवटच्या घाण्यासोबत कांद्याच्या जाड चकत्या, सोललेले आले आणि सालीसह लसूण भाजून घ्यावे.

ओटीजी किंवा ओव्हन : २०० अंशांवर दहा मिनिटे आधी तापवावा. ताटलीत फोडी, कांदा, आले आणि लसूण एका थरात पसरून ३५ ते ४० मिनिटे भाजावे. वीस मिनिटांनी फोडी उलटाव्यात. लसूण आधी काढून घ्यावा, तो लवकर करपतो. एअरफ्रायरमध्ये १९० अंशांवर १८ ते २० मिनिटे पुरतात, मात्र भांडे लहान असल्याने दोन घाणे करावे लागतात. मायक्रोवेव्हच्या साध्या पद्धतीत भोपळा मऊ होतो, खरपूस होत नाही. तो मार्ग टाळावा.

थेट आच : वांग्याच्या भरिताप्रमाणे सालीसह जाड फाक गॅसच्या जाळीवर किंवा निखाऱ्यावर भाजता येते. साल काळी पडते, गराला धुराचा वास लागतो. फाक सर्व बाजूंनी सारखी शिजत नाही, म्हणून वरून भाजल्यावर ती तुकडे करून तव्यावर झाकून मऊ करून घ्यावी. भरिताची ओढ असणाऱ्यांना हे सूप विशेष आवडते.

कृती

भाजलेल्या लसणाची साल काढून पाकळ्या दाबल्या की आतला मऊ गर बाहेर येतो. तो, कांदा, आले आणि भोपळ्याच्या फोडी जाड बुडाच्या पातेल्यात लोण्यावर दोन-तीन मिनिटे परताव्यात. तव्याला लागलेला खरपूस थर पाव वाटी पाण्याने सोडवून तेही पातेल्यात ओतावे. सूपाचा निम्मा स्वाद त्या थरात असतो. थर जळून काळा झाला असेल तर मात्र तो टाकून द्यावा. मग अडीच वाट्या भाज्यांचे पाणी आणि मीठ घालून दहा मिनिटे मंद उकळावे. उरलेले पाणी हाताशी ठेवावे, वाटल्यानंतर दाटपणा पाहून ते घालता येते.

यानंतर वाटण्याची पायरी. येथे घाई अंगावर बेतू शकते. कढत द्रव मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवला की आत एकदम वाफ तयार होते, झाकण उडते आणि हात-तोंड भाजते. म्हणून मिश्रण पंधरा मिनिटे कोमट होऊ द्यावे, भांडे निम्म्याहून अधिक भरू नये, झाकणावर जाड फडके दाबून धरावे आणि यंत्र प्रथम थांबून थांबून, मंद वेगाने फिरवावे. हातात धरायचा ब्लेंडर असल्यास पातेल्यातच काम भागते. वीज गेली असेल तर पुरणयंत्र बाहेर काढावे. पुरणपोळीचे पुरण ज्या जाळीतून उतरते, त्याच बारीक जाळीतून भोपळ्याचा गर अतिशय छान उतरतो आणि भोपळ्याचे, आल्याचे धागे वर राहतात.

वाटलेले सूप पुन्हा मंद आचेवर ठेवून गरम करावे. आच अगदी कमी करून दूध किंवा साय घालावी, मिरपूड आणि जायफळ घालावे. घारग्यांत जायफळ घालणाऱ्या घरांना ही जोडी नवीन वाटणार नाही. दूध घातल्यानंतर सूप खळखळ उकळू नये. वाढताना वर भाजलेल्या बिया आणि सायीचा ठिपका द्यावा. सोबत पावाचे तुपावर परतलेले तुकडे, ज्वारीची कडक भाकरी किंवा खाकरा यांपैकी काहीही चालते.

मलईदारपणा येतो कशाने

सूपाला मलईचा पोत तीन गोष्टींनी येतो. पहिली, वाटण. मिक्सर दोन मिनिटे पूर्ण वेगाने फिरवला की गराचे कण इतके बारीक होतात की ते जिभेला जाणवत नाहीत. दुसरी, भोपळ्याच्या गरातील पेक्टिन आणि थोडासा पिष्टमय भाग. पाणी आटलेले असले की तेवढ्याने सूप दाट राहते. तिसरी, स्निग्धांश. वाटताना चमचाभर लोणी किंवा साय घातली की तिचे सूक्ष्म कण सूपभर पसरतात. चार वाडग्यांना तीन चमचे साय पुरते. शे-दोनशे मिलिलिटर क्रीम ओतल्याने सूप जड होते आणि भोपळ्याची चव मागे पडते.

कॉर्नफ्लोअर घातल्याने दाटपणा येतो, पण चव दबते आणि सूप निवले की त्याची खळ होते. भोपळा फारच पाणीदार निघाला तर त्याच्याबरोबर एक लहान बटाटा भाजून वाटावा, किंवा आठ-दहा काजू अर्धा तास भिजवून घालावेत. दूध चालत नसणाऱ्यांनी नारळाचे घट्ट दूध अर्धी वाटी वापरावे.

पाकिटातील तयार सूपाशी तुलना करायची असल्यास पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. ज्या घटकाचे प्रमाण अधिक तो आधी लिहावा, असा नियम आहे. यादीत पिष्ट, साखर आणि मीठ कोठे आहेत आणि भाजी कोठे आहे, एवढे पाहिले तरी पुरे.

बिघडल्यास

सूप फार गोड झाले असेल तर वाडग्यात वाढल्यावर लिंबाचे चार थेंब आणि थोडी अधिक मिरपूड घालावी. दूध घातलेल्या पातेल्यात लिंबू पिळू नये, दूध फाटते. कच्च्या आल्यानेही दूध फाटते, म्हणून आले आधी भाजलेले किंवा परतलेले असले पाहिजे. सूप पातळ झाल्यास दूध घालण्यापूर्वी झाकण न ठेवता दहा मिनिटे आटवावे. करपट वास आल्यास इलाज नाही, म्हणून वाटण्यापूर्वीच काळ्या पडलेल्या फोडी निवडून काढाव्यात. तपकिरी आणि काळा यांतला फरक ध्यानात ठेवावा. मिळमिळीत वाटत असेल तर बहुतेक वेळा मीठच कमी असते.

पाळीचे घर आणि गुरुवारचा गर

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९६२ मध्ये राज्य औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड व पुढे चाकण परिसर कारखान्यांनी भरून गेला. तेव्हापासून येथील असंख्य घरांचे स्वयंपाकघर पाळीच्या भोंग्यावर चालते. दुसरी पाळी संपवून मध्यरात्री घरी येणाऱ्याला भात-आमटीचे जड जेवण नकोसे होते आणि पहाटे निघणाऱ्याला न्याहारीला वेळ नसतो. भोपळा भाजायला पाऊण तास लागतो हे खरे असले तरी तो रोज भाजावा लागत नाही.

शहरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी दोन किलो फोडी भाजून, पाणी न घालता वाटून ठेवल्यास सव्वा किलोच्या आसपास घट्ट गर मिळतो. तो निवल्यावर, दोन तासांच्या आत, झाकणाच्या डब्यात शीतकपाटात ठेवावा. तीन दिवस चांगला राहतो. बर्फाच्या कप्प्यात वाटी-वाटीच्या मापाने ठेवल्यास दोन महिने टिकतो. आयत्या वेळी एक वाटी गर, एक वाटी पाणी, चमचाभर साय आणि मीठ-मिरी एवढ्यावर दहा मिनिटांत एकट्यापुरते सूप होते. दूध किंवा साय गरातच मिसळून ठेवू नये, आयत्या वेळीच घालावी. एकदा गरम केलेले सूप उरल्यास ते पुन्हापुन्हा थंड-गरम करू नये.

हाच गर घारग्यांच्या कणकेत, थालीपिठाच्या भाजणीत किंवा पराठ्यात मिसळता येतो. पाणी आटलेले असल्याने पीठ सैल होत नाही.

चवीत बदल

या पट्ट्यात देशाच्या सर्व भागांतील माणसे नांदतात आणि भोपळा प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. उत्तर भारतीय घरात तो आमचूर घालून आंबट-गोड होतो आणि पुरीबरोबर वाढला जातो. केरळीय घरात ओणमच्या पानावर खोबरे घातलेली 'एरिशेरी' असते. ओडिशाच्या 'डालमा'त तो डाळीबरोबर शिजतो. मराठी घरात भरीत, रायते, घारगे आणि खसखस-तीळ-खोबऱ्याची बाकर भाजी आहेच. सूपालाही हे सर्व वळण देता येते. नारळाचे दूध आणि वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घातली की ते दाक्षिणात्य थाटाचे होते. मूठभर शिजवलेली मूगडाळ घालून वाटल्यास पोटभरीचे होते. साजूक तुपात जिरे आणि हिरवी मिरची यांची फोडणी दिली की भाताबरोबरही खाता येते.

उपवासाला भोपळा चालत असलेल्या घरांनी कांदा-लसूण वगळून, तुपावर जिरे परतून, दोन चमचे दाण्याचे कूट आणि सैंधव घालून हेच सूप करावे. दाट करायला भाजलेला बटाटा घ्यावा.

आहाराच्या दृष्टीने

लाल भोपळ्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २६ उष्मांक आणि ३४० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. त्याचा केशरी रंग बीटा-कॅरोटिन या द्रव्याचा. शरीर त्यापासून दृष्टीसाठी आवश्यक असे 'अ' जीवनसत्त्व तयार करते. हे द्रव्य स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषले जाते, म्हणून सूपातील तेल किंवा लोणी अगदीच वगळू नये. उकडून पाणी फेकून दिल्यास पाण्यात विरघळणारे क्षार वाया जातात, भाजताना ते गरातच राहतात.

मधुमेहींनी भोपळ्यातील शर्करा ध्यानात घेऊन एक लहान वाडगा घ्यावा, बटाटा घालू नये आणि त्या जेवणातील भात-पोळी त्या मानाने कमी करावी. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमवर बंधन असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. दात नसलेल्या वृद्धांना आणि आजारातून उठलेल्यांना हे सूप गिळायला सोपे जाते. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला द्यायचे असल्यास मीठ, मिरी न घातलेला साधा, मऊ गर आधी बाजूला काढून ठेवावा.

भोपळ्याची भाजी नाकारणारी मुले सूप पितात, असा अनेक घरांचा अनुभव आहे. पहिल्यांदा करताना निम्म्या मापाने करावे, फोडींचे आधीचे आणि नंतरचे वजन टिपून ठेवावे, म्हणजे आपल्या तव्याचा आणि आचेचा अंदाज येतो. दुसऱ्या खेपेपासून काट्याची गरज भासत नाही. येत्या सुट्टीला फाक जरा मोठी आणून हे सूप करून पाहण्यास हरकत नाही.